बहिऱ्यावर ठेवलेला चहा

वाकडं बोलून समोरच्याला सरळ ऐकू येईल अशी व्यवस्था करणं, हा मास्तरांच्या संशोधनाचा विषय होता. नातेवाइकांत कुणी विचारलं की, "तुम्ही विद्यापीठात नेमकं करता काय?" तर मास्तर हेच सांगत. ऐकणारा हसे. बायको म्हणायची, "त्यासाठी विद्यापीठ कशाला हवं? आमच्या आत्याबाई जन्मभर तेच करत आल्या. त्यांना कुणी पदवी दिली नाही."

गंमत बाजूला ठेवली, तर काम खरंच तसं होतं. बिनतारी संदेश पाठवणाऱ्या ट्रान्समीटरच्या शेवटी एक अॅम्प्लिफायर बसवलेला असतो. लहान आवाज मोठा करून अँटेनाकडे ढकलायचा, एवढीच त्याची नोकरी. हळू बोलायला सांगितलं तर सुतासारखा सरळ वागतो. घसा ताणून पूर्ण ताकदीनं बोलायला लावलं, की त्याचा आवाज फाटतो आणि त्या चिंध्या शेजारच्या वाहिनीत जाऊन पडतात. म्हणून लोक त्याला दबक्या आवाजातच बोलू देतात आणि पुष्कळशी वीज नुसतीच वाया घालवतात. मास्तरांचं म्हणणं असं की, हा गडी कुठे आणि किती वाकतो ते एकदा कळलं, तर संदेश आधीच तेवढा उलट्या बाजूला वाकवून त्याच्या हातात द्यावा. वाकड्यात वाकडं जाईल आणि बाहेर सरळ पडेल. कल्पना त्यांची एकट्याची नव्हती, जगात पुष्कळ लोक तिच्यामागे होते. पण अगदी साध्या, स्वस्त अॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीवर सरळ करून दाखवायचं, हा हट्ट मात्र त्यांचा स्वतःचा होता.

मास्तर मूळचे तंत्रशाळेतले शिक्षक. अभ्यासरजा घेऊन आले तेव्हा केस काळे होते. रजा संपली, वाढवून मिळाली, पुन्हा वाढवून मिळाली. बरोबरीनं नाव नोंदवलेली मुलं पदव्या घेऊन नोकऱ्यांना लागली, त्यांची लग्नं झाली, आणि ती भेटली की "मास्तर, अजून इथेच?" असं विचारायला लागली. विचारणाऱ्याच्या मनात काही नसे, पण मास्तरांना ते चावे.

प्रयोगशाळेच्या खिडकीशेजारचं लांब टेबल त्यांचं. एका टोकाला संदेश तयार करणारं यंत्र, मध्ये अॅम्प्लिफायर, दुसऱ्या टोकाला स्क्रीनवर आलेख काढणारं मोजयंत्र. परवान्याशिवाय हवेत लहरी सोडायला बंदी, म्हणून अँटेनाच्या जागी एक काळा, पात्यापात्यांचा, धातूचा जड डबा जोडलेला होता. अॅम्प्लिफायर जे काही ओरडेल ते सगळं तो डबा गिळायचा आणि त्याची उष्णता करायचा. त्याला प्रयोगशाळेत सगळे 'बहिरा' म्हणत. मास्तर दिवसभर बोलायचे, बहिरा दिवसभर तापायचा. चहाचा कप त्याच्यावर ठेवायची त्यांना सवय होती, चहा शेवटच्या घोटापर्यंत कढत राहायचा.

"ती शेगडी नाही, मास्तर," मापाडी ओरडायचा.

"तुझ्या घरच्या चहापेक्षा बरा राहतो," मास्तर सांगायचे.

मापाडी म्हणजे प्रयोगशाळेच्या मोजयंत्रांचा कारभारी. खरं नाव हजेरीपटापुरतं. कुणाला किती वाजता कुठलं यंत्र द्यायचं, कुठली केबल कुणी मोडली, कुठला काटा चुकतोय, हे सगळं त्याच्या डोक्यात. प्राध्यापकाचा आकडा असो की शिकाऊ मुलाचा, त्याला शंका आली की तो दोघांनाही सारखंच उभं करायचा. "मापात पाप चालणार नाही," हे त्याचं पालुपद. त्याची आणि मास्तरांची गट्टी पहिल्या महिन्यातच जमली होती. दोघं एका वयाचे, दोघांच्या चष्म्याचे नंबर एकदम वाढले, दोघांच्या मुली एकाच शाळेत. मास्तरांच्या घरी तो कधीही येई, बायकोला वहिनी म्हणे, तीही त्याला भावजी म्हणे आणि न विचारता त्याच्या चहात साखर कमी घाली.

स्क्रीनवर मास्तरांचा संदेश डोंगरासारखा दिसे. मध्ये उंच माथा, आणि दोन्ही बाजूंना फाटलेल्या आवाजाचे चढलेले खांदे. ते खांदे खाली पडले पाहिजेत, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पण ते पडायचे नाहीत. थोडे वाकायचे, पुन्हा वर. प्रयोगशाळेतली मुलं म्हणायची, "यंत्राचे खांदे पडायच्या आधी मास्तरांचेच पडणार." मास्तरही त्या विनोदाला हसायचे. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. या वेळची रजा शेवटची होती आणि त्यांच्या मार्गदर्शक सरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

मग एके दिवशी सकाळी मास्तर आले तर मापाडी टेबलापाशी कंबरेवर हात ठेवून उभा.

"मास्तर, इकडे ये. केबल बदलली मी तुझी. जुनी आतून तुटली होती. आता लाव बघू."

मास्तरांनी यंत्र लावलं, आपला प्रोग्रॅम सुरू केला, ताकद पूर्ण वाढवली. स्क्रीनवर आकडा पूर्ण ताकदीचा आला. आणि डोंगराचे दोन्ही खांदे पार तळाला गेलेले. माथा सपाट, कडा सरळ, पुस्तकात छापतात तसा.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बघतोस काय? पडले की!" मापाडीनं पाठीवर थाप मारली. "केबलनं छळलं रे तुला इतकी वर्षं."

मुलं गोळा झाली. कुणी बिस्किटं आणली, कुणी फोटो काढला. सर केबिनमधून आले, स्क्रीनकडे एकदा बघितलं, "उत्तम. आता लिहायला घ्या," म्हणाले आणि गेले. मापाडीनं लगेच यंत्र बंद केलं. "जास्त ताणू नकोस आज. नजर लागेल." त्या संध्याकाळी मास्तर घरी निघाले ते बसचा थांबा विसरून चालतच. जिना चढताना गुणगुणत होते.

पुढचे आठवडे लिहिण्यात गेले. टेबलावर मापाडीनं पाटी लावली होती, 'मोजणी पूर्ण, हात लावू नये'. मास्तरांना त्यात मित्राची काळजी दिसली. प्रबंध जवळजवळ झाला, सर्वांसमोर सादर करायची तारीख ठरली, बाहेरगावचे परीक्षक येणार म्हणून कळलं. फक्त एक आलेख छापताना पुसट आला होता. तो पुन्हा काढावा म्हणून मास्तर दुपारी प्रयोगशाळेत गेले. मापाडी त्या दिवशी रजेवर होता. पाटी आपल्यासाठी नाहीच, असं समजून त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली.

यंत्रं लावली. पूर्ण ताकद. खांदे तळाला. मास्तरांना पुन्हा तसंच भरून आलं. चहाचा कप सवयीनं बहिऱ्यावर ठेवून ते आलेखाच्या कडांना नावं द्यायला बसले. काम बारीक होतं, वेळ लागला. मग हात लांब करून त्यांनी कप उचलला आणि एक घोट घेतला.

चहा गार होता.

मास्तरांनी कपाकडे बघितलं. मग बहिऱ्यावर तळवा टेकवला. एरवी तिथे हात टेकवणारा हात झटकत पळाला असता. आज बहिरा कोमट होता, उन्हात ठेवलेल्या भांड्याइतका. अॅम्प्लिफायरच्या पात्यांना हात लावला. तीही तशीच. स्क्रीन म्हणत होती, इथून पूर्ण ताकद वाहतेय. हात म्हणत होता, इथे कुणी नीट खाकरलेलंही नाही.

पहिला विचार आला तो आपलंच काही चुकल्याचा. मास्तरांचा स्वभावच तसा. त्यांनी जोडण्या पाहिल्या, बटणं पाहिली. आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी करायची त्यांना भीती वाटत होती. आपला प्रोग्रॅम बंद केला. उलटं वाकवणारा, इतक्या वर्षांचा, केस पांढरे करणारा प्रोग्रॅम. आता अॅम्प्लिफायरला साधा, न वाकवलेला संदेश जात होता.

स्क्रीनवरचा डोंगर हलला नाही. खांदे तळालाच. माथा सपाट. मास्तर त्यात असले काय आणि नसले काय.

टेबलामागे अंधारात वाकून त्यांनी नव्या केबलवरून हात फिरवत नेला. अॅम्प्लिफायरच्या अलीकडे अंगठ्याएवढा एक पितळी तुकडा लागला. आत जाणारा आवाज चौथाईवर आणणारा तुकडा. त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं, पुढच्या वेळी नखानं सहज निघावं म्हणून. असं टोक दुमडणारा सगळ्या इमारतीत एकच माणूस होता. मोजयंत्रात जाऊन पाहिलं तर त्यालाही पढवून ठेवलेलं, की तुझ्यापर्यंत जे येईल ते चौपट करून दाखव. यंत्र बिचारं इमानी. सांगितलं तेवढं करत होतं.

दुसऱ्या दिवशी मापाडी आला तेव्हा मास्तरांनी तो पितळी तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला.

मापाडी त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"चहानं."

"काय?"

"चहा गार झाला बहिऱ्यावर."

मापाडी हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर थांबलं. "तुला शंभरदा सांगितलं होतं, तिथे कप ठेवू नकोस म्हणून."

"मापात पाप चालत नाही म्हणायचास ना रे?"

"हळू बोल." मापाडीनं दाराकडे बघितलं. "ऐक. चोरी केली का मी? कुणाचं काही नेलं? तुझं एकदाचं व्हावं म्हणून केलं. रजा संपत आलेली. तुझी पद्धत पूर्ण ताकदीवर चालत नाही मास्तर, हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. तुला कोण सांगणार? सांगितलं असतं तर जीव दिला असतास."

"म्हणून खेळण्यातलं यंत्र दिलंस हातात. आणि टाळ्या वाजवल्यास."

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! अरे, मी एकटा होतो का यात? सर मला बोलावून म्हणाले, नवं यंत्र येतंय, खिडकीचं टेबल रिकामं हवं, कसंही करून मास्तरांचं आटपा. कसंही करून, हा शब्द त्यांचा. आणि वहिनी..." तो थांबला.

"वहिनी काय?"

"काही नाही."

"बोल आता."

"वहिनींनी फोन केला होता. भावजी, यांचं होऊ द्या एकदाचं, म्हणाल्या. रडत होत्या. मी शब्द दिला."

मास्तरांनी पितळी तुकडा परत उचलून खिशात टाकला. केसानं गळा कापणं म्हणतात ते त्यांनी ऐकलं होतं, पण कापणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

ते सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि अजिबात न रागावता म्हणाले, "हे बघा, यात घाबरण्यासारखं काही नाही. शीर्षकात दोन शब्द घाला. 'मर्यादित शक्तीवर'. झालं. मग तुमचा प्रत्येक आलेख खरा."

"सर, मर्यादित शक्तीवर माझ्या पद्धतीची गरजच नाही. तो तसाही सरळच चालतो."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. परीक्षक तेवढं खोदत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर." मग जरा थांबून, "तुमच्या वयाला आता हट्ट शोभत नाही."

तुम्हाला आधी माहीत होतं का, असं मास्तरांना विचारायचं होतं. पण सरांनी ज्या सहजतेनं ते दोन शब्द काढून दिले त्यावरूनच कळलं, की ते शब्द तयार होते.

घरी बायको भाजी निवडत होती. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची, त्यामुळे चेहरा वाचायला तिला वेळ लागत नसे.

"कळलं तुम्हाला," ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मी काही करा असं सांगितलं नव्हतं. होऊ द्या, एवढंच म्हटलं होतं. मला त्यातलं काय कळतंय? पण त्या संध्याकाळी तुम्ही यायच्या आधी भावजी येऊन गेले, जाताना म्हणाले, वहिनी, शब्द पाळला. तेव्हा कळलं."

"आणि गप्प राहिलीस."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "तुम्ही जिना चढताना गुणगुणत होता. किती वर्षांनी. मी दारात उभी राहून ऐकत होते. काय सांगणार होते मी, थांबा, गाणं बंद करा म्हणून?"

"इतकी वर्षं सगळ्यांना मी कीव करण्यासारखा वाटत होतो का?"

"कीव नाही हो. दमलो होतो सगळे. तुमची वाट बघून दमलो होतो."

हे उत्तर खरं होतं. मास्तरांनी त्या रात्री जेवताना मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली, भाजी चांगली झाली म्हणाले. बायकोला वाटलं, निवळतंय. पण प्रबंधाचं काय करायचं हे त्यांनी तिला सांगितलं नाही. आजवर असलं काही तिला न सांगता त्यांनी केलं नव्हतं.

सादरीकरणाच्या दिवशी खोली भरलेली होती. सर पहिल्या रांगेत, परीक्षक त्यांच्या शेजारी, मापाडी मागे दाराशी. मास्तरांनी आपली पद्धत समजावून सांगितली. मग म्हणाले, "प्रबंधात दिलेला मुख्य आलेख चुकीच्या जोडणीवर घेतलेला आहे. तो मी मागे घेतो. हा खरा." आणि पडद्यावर खरा आलेख आणला. आदल्या दिवशी एकट्यानं, पितळी तुकड्याशिवाय, बहिरा हात लावू देईना इतका तापवून घेतलेला. त्यात खांदे होते. त्यांच्या पद्धतीशिवाय असतात त्यापेक्षा खाली होते, पण होते.

खोलीत कुजबुज झाली. सर समोरच्या कागदाकडे बघत राहिले. परीक्षकांनी विचारलं, "चुकीची जोडणी कुणी केली होती? मोजयंत्रांची जबाबदारी कुणाकडे असते इथे?"

दाराशी मापाडी ताठ झाला. त्याची नोकरी त्या उत्तराला बांधलेली होती. नाव मास्तरांच्या जिभेवर आलं होतं आणि ते घ्यायचा त्यांना हक्कही होता.

"टेबल माझं," मास्तर म्हणाले. "मोजणी माझी."

परीक्षक सज्जन होते. प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि निष्कर्ष अपुरा म्हणून प्रबंध परत केला. आणखी काम हवं, असा शेरा दिला. आणखी कामाला रजा नव्हती आणि सरांचीही तयारी नव्हती. खिडकीचं टेबल त्याच आठवड्यात रिकामं झालं. मास्तर तंत्रशाळेत परतले आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना विजेचे प्राथमिक नियम शिकवू लागले.

काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी मापाडी त्यांच्या घरी आला. हातात मास्तरांचा टेबलावर राहिलेला चष्म्याचा डबा. चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं. ज्यानं भर सभेत आपलं नाव गिळलं त्यानं आपल्याला माफ केलंय, असं त्याला वाटलं होतं. कुणालाही वाटलं असतं.

"मास्तर, आहेस का घरात?"

मास्तर उठून दारापर्यंत आले. "या," म्हणाले. "बसा."

मापाडी हसला. "बसा काय? मी काय पाहुणा आहे का रे?"

"उन्हातून आलात. पाणी आणू का तुम्हाला?"

मापाडी खुर्चीच्या कडेवर बसला. प्रयोगशाळेतल्या दोन बातम्या सांगितल्या. मास्तर मन लावून ऐकत होते, "हो का?" म्हणत होते, "तुमच्या मुलीचं कसं चाललंय?" असं विचारत होते. आवाज शांत, शब्द सरळ, कुठे एक चरा नाही. मापाडीनं त्यात राग शोधून पाहिला. राग सापडला असता तर तो पाया पडला असता, भांडला असता, मास्तरांच्या गळ्यात पडून रडला असता. चहा आला. साखर कमीच होती. तो त्यानं भराभर संपवला, कप खाली ठेवला, आणि "येतो मग," म्हणून उठला.

"या पुन्हा," मास्तर म्हणाले, आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले.

परत आले तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"इतकं तोडून टाकायचं का हो माणसाला?"

"तोडलं कुठे? मान दिला."

ती पदरानं ओले हात पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि मला? मलाही उद्यापासून अहो म्हणणार का?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग रिकामे कप उचलून ते नळाखाली विसळू लागले.